फ्लोरिडा बेमधले स्पंज कशाने मेले?

१९९१च्या शेवटाकडे अमेरिकेतल्या फ्लोरिडा बेचं पाणी हिरवं व्हायला लागलं. पुढच्या वर्षी, १९९२मध्ये, तिथल्या उथळ तळावरचे स्पंज, म्हणजे तळाला चिकटून राहणारे आणि पाणी गाळून जगणारे प्राणी, मोठ्या प्रमाणावर मेले. एखाद्या जातीचे नव्हे, तर आकार, रंग, बांधा यांत एकमेकांशी काहीही साम्य नसलेल्या अनेक जातींचे. जिथे पावलापावलावर स्पंज होते, तिथे काही भागांत मोठा स्पंज औषधालाही उरला नाही.

या भागातला सगळ्यात ठळक स्पंज म्हणजे लॉगरहेड; शास्त्रीय नाव स्फेशिओस्पॉन्जिया व्हेस्पेरियम. काळपट, घट्ट, पुरता वाढला की मीटरभर रुंद. माथा बसका आणि त्यावर पाणी बाहेर सोडणाऱ्या मोठ्या भोकांचा पुंजका. आत बोगद्यांचं जाळं. ए. एस. पिअर्स यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ड्राय टॉर्टुगास बेटांजवळचा असा एक मोठा स्पंज फोडून आतले जीव मोजले होते. ते सतरा हजारांवर भरले, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या चुटकी वाजवणाऱ्या चिमुकल्या कोळंब्या होत्या. एक लॉगरहेड मेला की एवढी वस्ती उघड्यावर पडते.

स्पंज मरतो तो आतून. कातडं पांढरट पडतं, जागोजागी खड्डे दिसायला लागतात, मऊ भाग कुजून पाण्याबरोबर निघून जातो आणि तंतूंचा किंवा काट्यांचा सांगाडा उघडा पडतो. मग प्रवाह तोही मोकळा करतो. म्हणूनच स्पंजांची साथ तपासणं अवघड असतं: प्राणी मेल्यावर पुरावा फार काळ जागेवर राहत नाही. कासव किंवा मासा मेला की किनाऱ्याला लागतो, लोकांच्या नजरेला पडतो. स्पंज गेल्याची खबर बहुतेक वेळा पाण्यात नेहमी उतरणाऱ्यांकडूनच येते.

फ्लोरिडा बेत असे लोक होते. मार्क बटलर, विल्यम हर्नकाइंड, जॉन हंट आणि त्यांचे सहकारी तिथे काटेरी शेवंडींच्या पिल्लांचा अभ्यास करत होते, आणि पिल्लं स्पंजांखाली लपतात म्हणून तळावरच्या स्पंजांच्याही नोंदी ठेवत होते. ब्लूम, म्हणजे पाणी हिरवं करणारी सूक्ष्मजीवांची बेसुमार वाढ, यायच्या आधीच्या नोंदी हाताशी असल्यामुळे किती गेलं आणि कुठे गेलं हे सांगता आलं. १९९५मध्ये त्यांनी हे प्रकरण शोधनिबंधाच्या रूपात मांडलं. माझ्या मते त्या निबंधाचं महत्त्व ‘आधी’च्या या आकड्यांत आहे. मेलेले स्पंज मोजायला नंतर कुणीही गेलं असतं.

आधीचा इतिहास

स्पंज मरायला लागले की या भागातल्या जुन्या माणसांना आठवतं ते १९३८-३९ साल. त्या वेळी बहामाजपासून सुरू झालेली साथ क्यूबा, ब्रिटिश होंडुरास (आजचं बेलीझ) आणि फ्लोरिडापर्यंत पोचली आणि व्यापारी, म्हणजे विक्रीसाठी काढल्या जाणाऱ्या, स्पंजांपैकी ७० ते ९५ टक्के स्पंज मेले, असा तेव्हाचा अंदाज आहे. फ्लोरिडातल्या की वेस्ट आणि टार्पन स्प्रिंग्ज इथे स्पंजांवर गावं उभी राहिली होती. टार्पन स्प्रिंग्जमध्ये तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीसच्या बेटांवरून पाणबुडे येऊन स्थायिक झाले होते. त्या साथीने धंद्याचं कंबरडं मोडलं. पॉल गॉल्टसॉफ यांनी आजारी स्पंजांत बुरशीसारखे बारीक धागे पाहिले आणि त्यांच्यावर बोट ठेवलं, एफ. जी. वॉल्टन स्मिथ यांनी ही साथ समुद्राच्या प्रवाहांबरोबर पुढे सरकते हे ब्रिटिश होंडुरासमध्ये दाखवलं. पण त्या धाग्यांवरचा आरोप पूर्णपणे सिद्ध कधी झाला नाही.

त्यामुळे १९९२मध्ये पहिला प्रश्न साहजिकच हा होता: तीच साथ परत आली का?

स्पंजांचा रोग सिद्ध करणं म्हणजे काय, याचं एक चांगलं उदाहरण नंतर ऑस्ट्रेलियातून आलं. ग्रेट बॅरियर रीफवरच्या ऱ्होपॅलोइडीस ओडोराबिली या स्पंजाच्या आजारातून निकोल वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी एनडब्ल्यू४३२७ नावाने ओळखला जाणारा जिवाणू वेगळा केला, तो निरोगी स्पंजाला लावला, तसाच आजार उद्भवला आणि त्यातून तोच जिवाणू परत मिळाला. २००२मध्ये हे प्रसिद्ध झालं. हा जिवाणू स्पंजाच्या सांगाड्यातले स्पंजिनचे तंतू खातो. इतकी स्वच्छ साखळी स्पंजांच्या बाबतीत विरळाच.

फ्लोरिडा बेत अशी साखळी जुळत नव्हती. एकाच रोगजंतूने लॉगरहेड, फुलदाणीसारखा दिसणारा इर्सिनिया कॅम्पाना, व्यापारी शीप्सवूल आणि इतर अनेक जाती एकाच हंगामात माराव्यात, हे पटण्यासारखं नव्हतं. त्याहून महत्त्वाचा होता नकाशा. जिथे हिरवं पाणी बराच काळ साचून राहिलं, तिथे स्पंज मेले. जिथे ते पोचलं नाही, तिथले स्पंज शाबूत राहिले. संसर्ग पसरताना पाण्याच्या रंगाची हद्द पाळत नाही. म्हणून संशयाची सुई एखाद्या रोगजंतूकडून पाण्याकडे वळली, आणि माझ्या मते ती योग्य दिशेला वळली.

पाणी हिरवं का झालं

फ्लोरिडा बे म्हणजे राज्याचं दक्षिण टोक आणि फ्लोरिडा कीज ही बेटांची रांग यांच्यामधला त्रिकोणी, अतिशय उथळ जलभाग. क्षेत्रफळ सुमारे २,२०० चौरस किलोमीटर, पण सरासरी खोली मीटरभराच्या आसपास. चिखलाच्या बांधांनी त्याचे लहान-लहान हौद पाडले आहेत, त्यामुळे आतल्या भागातलं पाणी पटकन बदलत नाही. गोडं पाणी एव्हरग्लेड्सच्या दलदलीतून, मुख्यतः टेलर स्लू या वाटेने येतं. विसाव्या शतकात कालवे आणि बांध घालून हे पाणी शेती आणि शहरांसाठी, पूर टाळण्यासाठी दुसरीकडे वळवलं गेलं. ऊन कडक, पाऊस कमी आणि वरून येणारं पाणी तोकडं, अशी वर्षं आली की बेच्या मधल्या भागातलं पाणी समुद्राहूनही खारट होतं.

१९८७च्या उन्हाळ्यात तिथलं समुद्री गवत मरायला लागलं. टर्टल ग्रास नावाचं हे गवत तळावर दाट पसरलेलं होतं. खारटपणा, उष्णता, रात्रीची प्राणवायूची टंचाई आणि चिखलात साठणारं विषारी सल्फाइड यांनी मिळून ते मारलं, असं आज मानलं जातं. सुमारे ४,००० हेक्टरवरचं गवत पूर्ण गेलं आणि आणखी २३,००० हेक्टरवर ते विरळ झालं. गवताच्या मुळांनी धरून ठेवलेला चिखल मोकळा झाला, वाऱ्याने ढवळला जाऊ लागला आणि कुजणाऱ्या पाल्यातलं नत्र-स्फुरद पाण्यात उतरलं. यात शेतीतून येणाऱ्या खतांचा वाटा किती आणि बेच्या आतल्याच साठ्याचा किती, यावर तिथे मोठा वाद झाला. पण आपल्या प्रकरणापुरतं पाहिलं तर त्याचा परिणाम एकच: सायनोबॅक्टेरियांना मोकळं रान मिळालं.

सायनोबॅक्टेरिया म्हणजे निळे-हिरवे, प्रकाशावर अन्न तयार करणारे जिवाणू. फ्लोरिडा बेमध्ये बेसुमार वाढला तो त्यातला सायनेकोकॉकस, जेमतेम एका मायक्रोमीटरच्या आसपासच्या पेशींचा. खारटपणा वरखाली झाला तरी तो तगून राहतो, आणि पाण्यात स्फुरद अगदी कमी असलं तरी ते उचलू शकतो. या उथळ, अस्थिर पाण्यात इतर सूक्ष्म शैवालं मागे पडतात आणि तो पुढे जातो. एडवर्ड फ्लिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ब्लूमचा, त्यातल्या पेशींचा आणि त्यांच्या गरजांचा कसून अभ्यास केला आहे.

अन्नानेच घात कसा केला

इथे हे प्रकरण खऱ्या अर्थाने गुंतागुंतीचं होतं, कारण सायनेकोकॉकस हे स्पंजांचं अन्न आहे. स्पंजाच्या अंगावर हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. आतल्या कक्षांत शेपटीसारखा धागा हलवणाऱ्या पेशी पाणी ओढतात आणि त्यातले जिवाणूंएवढे बारीक कण गाळून घेतात. मोठ्या माशाला किंवा शिंपल्याला न पकडता येणारे हे कण स्पंज सहज पकडतो. दिवसभरात तो स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी आरपार सोडतो. फ्लोरिडा बेतल्या तीन जातींवर प्रयोगशाळेत पाहिलं गेलं, तेव्हा त्या हा सायनेकोकॉकस पाण्यातून काढून घेतात हे स्पष्ट दिसलं.

मग तो मारतो कसा? याची उत्तरं एकापेक्षा जास्त आहेत. दाट ब्लूममध्ये या पेशींभोवती चिकट, शर्करायुक्त स्राव असतो, आणि अशा पाण्यात गाळण्याची यंत्रणा तुंबते हे एक. ब्लूम महिनोन्‌महिने टिकला तर पंप चालवायला लागणारी शक्ती जाते आणि हाती पोषण येत नाही, हे दुसरं. पेशी मरून कुजल्या की तळाशी प्राणवायू उतरतो, हे तिसरं. विषाची शक्यताही चर्चेत राहिली आहे. एकाच कारणावर शिक्कामोर्तब झालेलं नाही, आणि मला वाटतं तसं होण्याची वाट पाहत बसायचीही गरज नाही. हिरव्या पाण्याचा दाटपणा आणि मुक्काम या दोन गोष्टी मोजता येतात, आणि स्पंज जगणार की मरणार याचा अंदाज त्यांवरून येतो.

सायनोबॅक्टेरिया म्हटलं की ‘मारेकरी’ असं समीकरण मात्र करू नये. कॅरिबियनमधला पिंपाएवढा झेस्टोस्पॉन्जिया म्यूटा हा स्पंज आपल्याच ऊतींत सायनेकोकॉकसचा एक नातेवाईक, सायनेकोकॉकस स्पॉन्जिएरम, बाळगून असतो. त्याचा तपकिरी-तांबडा रंग त्यामुळेच येतो. कधी हा रंग उडतो, स्पंज फिकट पडतो आणि काही काळाने पुन्हा पूर्ववत होतो. सुझाना लोपेस-लेजांतिल आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये दाखवलं की अशा परतीच्या फिकटपणात स्पंजाच्या पेशींवर ताण आल्याची खूण दिसत नाही. ती दिसते दुसऱ्या, प्राणघातक प्रकारात, जिथे ऊतीच कुजत जाते.

तिसरं उदाहरण बहामाजमधलं. तिथल्या दोरखंडासारख्या अ‍ॅप्लिसिना स्पंजांवर तांबड्या-विटकरी रंगाचा पट्टा दिसतो, आणि तो सरकत जातो तसा त्याच्या मागचा भाग मरतो. ज्युली ऑल्सन, डेबोरा गॉकफेल्ड आणि मार्क स्लॅटरी यांनी २००६मध्ये या आजाराचं वर्णन केलं; त्याला अ‍ॅप्लिसिना रेड बँड सिंड्रोम म्हणतात. तो पट्टा म्हणजे धाग्यांसारख्या सायनोबॅक्टेरियांचा थर असतो, आणि आजारी स्पंज निरोगी स्पंजाला टेकला की आजार पसरतो. पण आजाराची सुरुवात तेच करतात, की दुबळ्या झालेल्या ऊतीवर ते नंतर येऊन बसतात, हे ठरवणं निराळं काम आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावरून दोष ठरवला तर निदान चुकू शकतं. फ्लोरिडा बेत रंग खरा होता, पण तो स्पंजाच्या अंगावर नव्हता, आजूबाजूच्या पाण्यात होता.

स्पंज गेल्यावर काय झालं

फ्लोरिडाच्या मच्छीमारांसाठी पॅन्युलिरस आर्गस ही काटेरी शेवंड फार मोलाची. रत्नागिरी-मालवणच्या बाजारात येणारी शेवंड याच पॅन्युलिरस प्रजातीतली, जात वेगळी. आर्गसच्या अळ्या महिनोन्‌महिने खुल्या समुद्रात तरंगतात, मग बेटांमधल्या फटींतून उथळ पाण्यात शिरून लाल शैवालात बसतात. पाठीचं कवच साधारण १५ मिलीमीटरचं झालं की पिल्लू शैवाल सोडतं आणि भक्षकांपासून लपायला बीळ, कपार, काहीतरी आडोसा शोधतं. चुनखडीचा सपाट तळ असलेल्या या भागात आडोसा म्हणजे मुख्यतः मोठे स्पंज.

ते गेल्यावर पिल्लं उरलेल्या आडोशांत कोंबली गेली, आणि जिथे आडोसेच उरले नाहीत तिथली संख्या घसरली. संशोधकांनी काही ठिकाणी काँक्रीटचे छोटे ठोकळे ठेवून पाहिले. पिल्लांनी तेही आपलेसे केले. पण शेवंडीला आडोसा देणं एवढंच स्पंजाचं काम नसतं. ठोकळा पाणी गाळत नाही.

दाटीमुळे आणखी एक भीती होती. पीएव्ही१ हा विषाणू या शेवंडींच्या पिल्लांना होतो, आणि तो लहान पिल्लांत विशेष घातक ठरतो. २००७मध्ये पुन्हा ब्लूम आला, पुन्हा स्पंज मेले, पुन्हा पिल्लं एकाच आडोशात गर्दी करू लागली. साधा हिशेब सांगत होता की आता विषाणूची साथ पसरणार. तसं झालं नाही. डोनाल्ड बेरिंजर, बटलर आणि जेफ्री शील्ड्स यांनी २००६मध्येच दाखवलं होतं की निरोगी शेवंड आजारी शेवंडीच्या बिळात राहायला जात नाही, आणि तिला हा आजार लक्षणं दिसायच्याही आधी ओळखू येतो. २०१५मध्ये बटलर आणि सहकाऱ्यांनी २००७च्या ब्लूमनंतरच्या नोंदी मांडल्या: आडोसे कमी झाले, तरी या टाळाटाळीमुळे साथ पसरली नाही. या साऱ्या प्रकरणात मला सगळ्यात आश्चर्याची वाटलेली गोष्ट हीच. शेवंडीने साथ रोखली ती स्वतःच्या वागण्याने, पण त्याची किंमत बिळाबाहेर राहणाऱ्या निरोगी पिल्लांनी मोजली असणार. उघड्यावरच्या पिल्लाला मासे सोडत नाहीत.

नुकसान आवाजाचंही झालं. लॉगरहेडच्या आतल्या कोळंब्या अखंड चुटक्या वाजवत असतात, आणि निरोगी तळ पाण्याखाली सतत कडकडत असतो. स्पंज मेलेल्या तळावर हा आवाज खूप खालावतो. तळाजवळच्या निवाऱ्याचा शोध घेणाऱ्या मासे-कालवांच्या अळ्यांना अशा आवाजाचा माग लागतो, त्यामुळे हे नुकसान पुढच्या पिढीपर्यंत जातं. जॅक बटलर, जेनी स्टॅनली आणि मार्क बटलर यांनी २०१६मध्ये निरोगी, उजाड आणि पुन्हा स्पंज लावलेल्या तळांचे आवाज नोंदवून तुलना केली. स्पंज परत लावलेल्या जागांचा आवाज निरोगी तळाच्या जवळ गेलेला होता.

पण मुळातला तोटा पाण्याचाच. ब्रॅडली पीटरसन आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये हिशेब मांडला. ब्लूमपूर्वी, अभ्यासलेल्या भागांतले स्पंज वरचं सगळं पाणी तीन दिवसांच्या आत एकदा गाळून काढत. स्पंज गेल्यावर त्याच कामाला चौपटीपर्यंत वेळ लागू लागला. म्हणजे सायनेकोकॉकसला आवर घालणारी फौजच सायनेकोकॉकसने मारली, आणि पुढच्या ब्लूमला विरोध आणखी कमी उरला. २००७मध्ये आणि २०१३मध्ये स्पंज पुन्हा मेले ते बऱ्याच अंशी याच भागांत. लॉगरहेडला मोठं व्हायला वर्षानुवर्षं लागतात. दोन ब्लूममधलं अंतर त्याला पुरलं नाही.

लागवड

स्पंजाचा तुकडा नीट कापला तर तो जगतो, जखम भरून काढतो आणि वाढतो. हे कोळ्यांना ठाऊक होतं आणि शास्त्रज्ञांनाही: अमेरिकेच्या मत्स्य विभागातले एच. एफ. मूर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच फ्लोरिडात तुकडे सिमेंटच्या चकत्यांवर बांधून स्पंज वाढवून दाखवले होते. जॉन स्टीव्हली यांनी स्पंज काढण्याच्या पद्धतींचा अभ्यास करून दाखवलं की बुंधा शिल्लक ठेवून कापलेला स्पंज पुन्हा फुटतो.

ब्लूमनंतर संशोधक, राज्याचा वन्यजीव आणि मत्स्य आयोग आणि स्वयंसेवक हेच तंत्र वापरू लागले. निरोगी स्पंजाचा तुकडा घ्यायचा, त्यावर बाहेरचं कातडं राहील याची काळजी घ्यायची, प्लॅस्टिकच्या पट्टीने विटेवर किंवा काँक्रीटच्या तुकड्यावर बांधायचा आणि तळावर ठेवायचा. जखम भरून तुकडा विटेला चिकटला की पट्टीची गरज उरत नाही. काही ठिकाणी अशा तुकड्यांच्या रोपवाटिका केल्या आहेत. तिथून वाढलेले स्पंज उजाड तळावर नेऊन लावले जातात. लावताना एकच जात घेत नाहीत. लॉगरहेड आडोसा देतो, इतर जाती पाणी गाळायला मदत करतात, आणि ब्लूम सोसण्याची ताकदही जातीजातीत वेगळी असते.

मला या लागवडीबद्दल आस्था आहे, पण तिच्यावर सगळं सोडून द्यावं असं वाटत नाही. टेलर स्लूमधून येणारं गोडं पाणी वाढवण्याची योजना २०००मध्ये मंजूर झालेल्या एव्हरग्लेड्स पुनरुज्जीवन कार्यक्रमात आहे, आणि काम सावकाश चाललंय. २०१५च्या दुष्काळात बेचा मधला भाग पुन्हा समुद्राहून खारट झाला, समुद्री गवत पुन्हा मोठ्या प्रमाणावर मेलं आणि २०१६मध्ये त्याच भागात पाणी पुन्हा हिरवं झालं. १९८७ ते १९९२ या काळातला क्रम तोच होता: आधी पाणी तोकडं, मग गवत, मग ब्लूम, मग स्पंज. रोपवाटिकेतला स्पंज या साखळीच्या शेवटच्या कडीवर येतो. त्यामुळे लागवडीच्या जागा निवडताना आता पाण्याचा मुक्काम आणि जुन्या ब्लूमचे नकाशे आधी पाहिले जायला हवेत. बेच्या मधल्या हौदांतून हिरवं पाणी ज्या वाटांनी बेटांकडे सरकतं, त्या वाटांवर लावलेला तुकडा कितीही नीट बांधला तरी पुढच्या दुष्काळाच्या पलीकडे जाईलच असं नाही. वाटेबाहेरच्या तळावर लावलेला मात्र अळ्या सोडण्याइतका मोठा होऊ शकतो, आणि त्या अळ्या प्रवाहाबरोबर आतल्या उजाड तळापर्यंत जाऊ शकतात.